पूर्व विभागाची नोंद

कुंदा,

तुझी तेरवी होऊन आज चोवीस दिवस झाले. आंबागडला तुझ्या दादांच्या अंगणात मी पंगतीत बसले आणि पोटभर जेवले. वहिनी दुसऱ्यांदा भात घेऊन आल्या तेव्हा मी पत्रावळीवर हातसुद्धा आडवा धरला नाही. तुझ्या शाळेतल्या बाया रडत होत्या, नववीच्या मुली रडत होत्या. मी त्यांच्याकडे बघत होते आणि आता मलाही रडू येईल असं वाटत होतं. आलं नाही. अजून आलेलं नाही. भंडाऱ्याला परत आले, दुसऱ्या दिवशी वाचनालय वेळेवर उघडलं, वर्तमानपत्रं टेबलावर लावली. कोणी विचारलं, "मॅडम, बरं आहे ना?" मी म्हटलं, बरं आहे. खरंच बरी होते. ताप नाही, डोकं दुखत नाही. सगळं थोडं लांबून ऐकू येतं, एवढंच.

तुझा जन्म, शिक्षण, नोकरी हे सगळं शाळेने फळ्यावर सुरेख अक्षरात लिहिलं होतं. त्यात तुझा वाद नव्हता. तो माझ्याकडे राहिला आहे, म्हणून मी तो लिहिते.

लोकांना सांगायला गेलं तर हसतील. इंटरनेटवर मराठीत एक खुला ज्ञानकोश आहे. कोणीही त्यात नोंद लिहावी, कोणीही दुसऱ्याची सुधारावी. त्यात एका लहानशा चर्चच्या प्रादेशिक विभागांना स्वतंत्र नोंदी असाव्यात की नसाव्यात, यावर आपण दोघी तीन वर्षं भांडलो. आपल्यापैकी कोणीही ख्रिस्ती नाही. तू धान पिकवणाऱ्यांच्या घरातली, मी कोसा रेशीम विणणाऱ्यांच्या. तरी भांडलो.

आपली ओळख त्याच कामातली. शिक्षक आणि ग्रंथपालांसाठी एक दिवसाचं शिबिर होतं, ज्ञानकोशात कसं लिहायचं ते शिकवणारं. तू उशिरा आलीस, डावा पाय किंचित ओढत माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलीस आणि शिकवणाऱ्याला पहिलाच प्रश्न विचारलास, "नोंद कोणाची करायची अन् कोणाची नाही, हे कोण ठरवते?" तो म्हणाला, नियम ठरवतात. तू म्हणालीस, "अन् नियम?" तो हसला आणि पुढे गेला. तू हसली नाहीस. मी नियमांचा छापील कागद तुझ्यापुढे सरकवला. तेव्हापासून आपल्या जागा ठरल्या त्या ठरल्याच.

मग दर रविवारी तू तुमसरहून बसने यायचीस. आपण पूल ओलांडून कारध्याला जायचो, नदीकाठी बसायचो, उकडलेले शिंगाडे सोलत नोंदींबद्दल बोलायचो. तू तलावांवर लिहायचीस, गावांवर लिहायचीस. मी तुझे संदर्भ तपासायचे, शुद्धलेखन नीट करायचे. आणि एक दिवस पाहिलं तर त्या चर्चच्या बाराही विभागांच्या नोंदी तू केल्या होत्यास. उत्तर विभाग, पूर्व विभाग, नदीपलीकडचा विभाग, असे बारा. प्रत्येकीत चार ओळी. हा अमक्या चर्चचा विभाग आहे, याचं मुख्य ठिकाण अमकं, यात इतकी गावं येतात. खाली संदर्भ एकच, त्या चर्चने स्वतः छापलेली पुस्तिका.

मी म्हणाले, "कुंदा, हे काय आहे? चार ओळींची कधी नोंद असते का? मूळ चर्चच्या नोंदीत एक यादी टाक. काम झालं."

"यादीत कायले? ज्याची त्याची जागा असते."

"बाहेरच्या कोणी यांच्याबद्दल लिहिलेलं दाखव. पेपर, पुस्तक, काहीही. नाहीतर विभाग म्हणजे कागदावरची रेघ."

तू शिंगाड्याचं साल नदीत टाकलंस. "रेघ कागदावरचीच असते, प्रतिभा. तालुक्याची रेघ काय शेताच्या धुऱ्यावर चुन्यानं काढली आहे? मी भूगोल शिकवतो बाई. आधी कोणीतरी रेघ मारते, मंग लोक तिच्या आत राहायले लागतात."

"तालुक्याचा कारभार असतो."

"यांचा नव्हता? शाळा होत्या, दवाखाना होता."

"मग त्या दवाखान्याची नोंद कर."

तू दुसरा शिंगाडा सोलायला घेतलास. मला वाटलं, मी जिंकले. खरं तर तुझ्याकडे दवाखान्याचा काहीच पुरावा नव्हता, आणि तो नाही हेच तुला खात होतं. हे मला तेव्हा कळलं नाही.

तुझ्याशी वाद घालण्यात सुख होतं. तू आवाज चढवत नव्हतीस. माझे वडील गेले तेव्हा तू तीन दिवस आमच्याकडे राहिलीस. धीराचं एक वाक्य बोलली नाहीस. भांडी घासलीस, आलेल्यांना चहा दिलास, आईची वेणी घातलीस. चौथ्या दिवशी मी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. तू जवळ बसून म्हणालीस, "तुह्या कोसा कापडाच्या नोंदीत चूक आहे." मी उठून बसले. "कुठे चूक आहे?" तू म्हणालीस, "विणकर विणतात, एवढंच लिहिलं तू. बोटाले थुंका लावून तुटलेला धागा कसा जोडते, ते कुठं आहे? तुह्या बापाचा हात दिसतच नाही त्यात." मी म्हणाले, "घरात पाहिलेलं लिहिता येत नाही. छापील संदर्भ लागतो." आणि आपण तासभर भांडलो. त्या दिवशी मी जेवले. त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आपल्यात तशी पद्धत नव्हती.

मागच्या हिवाळ्यात तू म्हणालीस, "चाल, तुले दाखवतो." आपण नाकाडोंगरीला गेलो. बसमधून उतरून जंगलाच्या कडेने चालत राहिलो. मँगनीजचे ट्रक जाऊन जाऊन वाटेच्या कडेची झाडं काळपट झाली होती. तुझा पाय दुखत होता, पण तू थांबली नाहीस. एका मोकळ्या जागेत आलीस आणि म्हणालीस, "इथं होता दवाखाना." तिथे काही नव्हतं. एक विहीर होती, जोत्याचे दोन-चार दगड होते, त्यांच्यात गवत वाढलं होतं. डॉक्टर गेले, दवाखाना बंद पडला, इमारत पडली, दगड लोकांनी घरांना नेले. यात कोणाची चूक नव्हती.

जवळच्या वस्तीत रूथबाई राहत होत्या, त्या दवाखान्यात आया म्हणून काम केलेल्या. ऐंशीच्या पुढच्या असतील. त्यांनी तुझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. "पाय दाखव," त्या म्हणाल्या. तू साडी पोटरीपर्यंत वर केलीस. त्यांनी त्या लांब व्रणावर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "आंबागडची. हाडात पू झाला होता. बापानं बैलबंडीत टाकून आणली होती."

मी तुला इतकी वर्षं ओळखत होते. पायाचं कधी विचारलं नव्हतं. जन्मापासूनच असेल असं धरून चालले होते.

रूथबाई माझ्याकडे वळून सांगू लागल्या. "नऊ महिने होती हे इथं. सात वर्षांची पोरगी, खाटेवरून उतरता येये ना. समोर भिंतीवर मिशनचा नकाशा होता, बारा विभागांचा, बारा रंगांचा. दिवसभर तेच पाहत पडून राहे. सिस्टर तिले एकेक नाव वाचून दाखवे. सारे पाठ झाले होते. जायच्या दिवशी मले म्हणे, आया, आपण कोणत्या रंगात आहो?"

"हिरव्या," तू म्हणालीस.

"हिरव्या," त्या म्हणाल्या. "पूर्व विभाग."

मग त्या आत गेल्या आणि आपल्यासाठी चहा घेऊन आल्या. परतीच्या बसमध्ये खिडकीजवळ बसून म्हणालीस, "पहिलं वाचायले मी तिथं शिकली. शाळेत नाही. मले वाटे, जग म्हणजे ते बाराच आहेत."

यावर मी काय म्हणाले ते मला शब्दशः आठवतं. मी म्हणाले, "पण कुंदा, आठवण म्हणजे संदर्भ नाही."

तू थोडी हसलीस. "माहीत आहे. मी कुठं म्हणून राहिली?" मग तुमसर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिलीस.

तो चहा, तो व्रण, हिरवा रंग, हे सगळं माहीत असूनही पंधरा दिवसांनी मी ज्ञानकोशावर प्रस्ताव टाकला. बाराही नोंदी मूळ चर्चच्या नोंदीत विलीन कराव्यात, असा. मी आज स्वतःला सोपं करून सांगणार नाही. मला कळलं नव्हतं असं नाही. कळलं होतं. मला वाटलं, मैत्रीसाठी नियम वाकवला तर आपण केलेल्या सगळ्याच कामाला काय अर्थ? आणि मनाच्या कोपऱ्यात हेही होतं की तू चिडशील, पुन्हा रविवारी येशील आणि आपण जोरात भांडू.

त्या प्रस्तावाखालच्या चर्चेच्या पानावर तू एकदाच लिहिलंस. "अकरा नोंदी यादीत घ्यायला माझी हरकत नाही. पूर्व विभागाचा वेगळा विचार व्हावा. संदर्भ शोधत आहे, वेळ लागेल."

रविवारी आली नाहीस. म्हणालीस, परीक्षेचे पेपर तपासून राहिली. पुढच्या रविवारीही तेच. मी फोन केला, "मिळाले का संदर्भ?" तू म्हणालीस, "शोधून राहिली ना." मागून कोणाची तरी हाक ऐकू आली, चाकांचा आवाज आला. मी विचारलं, "कुठे आहेस?" तू म्हणालीस, "शाळेत." आवाज बारीक होता. मला वाटलं, रागावली आहेस. माझ्या मनात दुसरं काही आलंच नाही. चर्चेची मुदत संपली. चौघांनी माझ्या बाजूने मत दिलं. बाराही नोंदी विलीन झाल्या. मी तुला निरोप पाठवला, "निर्णय झाला." तू लिहिलंस, "पाहिलं." बस.

त्यानंतर अकराव्या दिवशी दादांचा फोन आला, तू गेलीस म्हणून. तू नागपूरला दवाखान्यात होतीस, दीड महिन्यापासून. पोटात गाठ होती. हाती काही राहिलं नव्हतं.

तेरवीच्या दिवशी जेवणं आटोपल्यावर दादा माझ्याजवळ येऊन बसले. मी विचारलं, "दादा, मला काहून नाही सांगितलं?"

ते खाली बघत होते. "तिनंच नाही सांगू देल्लं, ताई. मी दोनदा फोन हातात घेतला होता. ते म्हणे, प्रतिभाले कळलं तं ते दया करन आन् आपला प्रस्ताव मागं घेईन. मले तसं जिंकाचं नाही."

मी मान हलवली. वहिनींनी सुपारी आणून दिली, ती घेतली. बस पकडली.

त्या दिवसापासून मी या वाक्याशी बसले आहे. तू मला नीट ओळखत होतीस. मी खरंच मागे घेतला असता, ताबडतोब, त्याच संध्याकाळी. आणि तुला ते खोटं वाटलं असतं. पण कुंदा, त्यापायी तू मला तुझ्या खाटेजवळ बसू दिलं नाहीस. एका नोंदीच्या खरेपणासाठी मला तुझा हात धरता आला नाही. यावर मला तुझ्याशी भांडायचं आहे. हा वाद तू सुरूच होऊ दिला नाहीस.

आता आणखी एक सांगते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत एका बंद पडलेल्या स्थानिक साप्ताहिकाचे जुने गठ्ठे आहेत. मी तिथे लागले तेव्हापासून आहेत. पूर्व विभागाबद्दल बाहेरच्या कोणी काही लिहिलं असेल तर ते त्यातच असणार, एवढी अक्कल मला होती. तू संदर्भ नाहीत म्हणून हैराण होतीस आणि मी ती खोली उघडली नाही. तुला सांगितलंही नाही. पुरावा देणं तुझं काम, असं मी धरलं होतं. नियमातही तसंच आहे.

तेरवीनंतर तिसऱ्या दिवशी मी ती खोली उघडली. रोज दुपारी वाचनालय रिकामं झालं की जाऊन बसायचे. एकेक अंक उलटायचे. कागद बोटात तुटायचा. धानाचे भाव, सभा, साधूंची आगमनं, हरवलेल्या म्हशी. मला काही वाटत नव्हतं, दुःखही नाही. डोळे ओळींवरून फिरत होते आणि हात पान उलटत होता. दहाव्या दिवशी एक बातमी मिळाली. नाकाडोंगरीच्या मिशन दवाखान्यात नवी खोली बांधली, तिला गावकऱ्यांनी बांबू आणि मजुरी दिली. दोन दिवसांनी दुसरी मिळाली. वैनगंगेला पूर आला तेव्हा पूर्व विभागाच्या लोकांनी कारध्याच्या शाळेत आठ दिवस भात शिजवला. ज्या काठावर बसून आपण इतके शिंगाडे खाल्ले, तिथेच. तिसरी बातमी विभागाच्या वार्षिक सभेची होती, अर्ध्या पानाची. तीत त्यांच्या शाळा होत्या, दवाखाना होता, गावांची नावं होती. आंबागड होतं.

तुझं नाव कुठेच नव्हतं. असायचं कारणही नव्हतं.

तीन बातम्या म्हणजे फार नाही. पुरेशा आहेत असंही मी छातीठोक सांगू शकत नाही. उरलेल्या अकरा विभागांबद्दल माझं मत आजही तेच आहे, ते यादीतच बरे. हे मी तुझ्या तोंडावर म्हणाले असते, म्हणून आताही म्हणते. पण पूर्व विभागाची नोंद मी नव्याने लिहिली. दवाखाना घातला, पूर घातला, सभा घातली. रूथबाईंना घातलं नाही, नकाशा घातला नाही, तुझे नऊ महिने घातले नाहीत. ते घालायचा मला अधिकार नव्हता. मग मीच चर्चा उघडली आणि लिहिलं की ही नोंद पूर्वी माझ्याच प्रस्तावावरून विलीन झाली होती, आता हे संदर्भ सापडले आहेत, सर्वांनी मत द्यावं. तू गेल्याचं लिहिलं नाही. तू सांगितलंस तसं, दया नको.

पहिल्याच दिवशी एका नव्या सदस्याने विरोध केला. सभ्य माणूस आहे. बातम्या किरकोळ आहेत, स्थानिक आहेत, विभाग ही प्रशासकीय सोय आहे, यादी पुरेशी आहे. सगळी वाक्यं माझीच होती. माझ्या जुन्या प्रस्तावातून त्याने शब्द उचलले होते. मी उत्तर द्यायला बसले. तू काय लिहिलं असतंस याचा विचार केला, आणि बराच वेळ काही सुचेना. मला वाटायचं, मी तुझं सगळं ऐकत आले. तसं नव्हतं. तू बोलत असायचीस तेव्हा मी माझं पुढचं वाक्य जुळवत असायचे.

शेवटी दोन ओळी लिहिल्या. पूर आला तेव्हा भात शिजवणारी माणसं एका विभागाच्या नावाने एकत्र आली, आणि बाहेरच्या पेपरने ते त्याच नावाने छापलं. तेवढंच. चांगलं लिहिलं नाही.

काल निकाल लागला. दोघं बाजूने होते, दोघं विरोधात. मी मत दिलं नव्हतं. सहमती झाली नाही, म्हणून नोंद तूर्त आहे तशी राहील, असं व्यवस्थापकाने लिहिलं. मी ते वाचलं आणि पान बंद केलं.

आज सकाळी दादांना फोन केला. ते धानाच्या बांधीत होते, पाणी देत होते. मागे पंप चालू होता.

"दादा, कुंदाच्या नोंदीचा निकाल लागला."

"कोणत्या? ते चर्चच्या?"

"हो."

"जिंकली का मंग?"

"नाही. हरलीही नाही. दोन्हीकडचे लोक आपापल्या मतावर राहिले. अशा वेळी नोंद काढत नाहीत. राहते."

"म्हणजे कोणी आणखी येईन आन् पुन्हा भांडन."

"येऊ शकते."

"मंग तुम्हाले राहा लागन तिथं. तिची बाजू कोण सांगन?"

"दादा, मी तिच्या बाजूची नव्हते."

"माहीत आहे ना," ते म्हणाले. "दवाखान्यात मी तिले हेच म्हटलं होतं, का हे बाई तं तुह्या विरोधात आहे, हिच्याशी कायले बोलत राहतेस. तं म्हणे, दादा, मायी बाजू तिले जेवढी पाठ आहे ना, तेवढी मलेही नाही."

मी फोन कानाशी धरून राहिले. त्यांनी पंप बंद केला असावा, कारण मागचा आवाज थांबला. मग त्यांनी विचारलं, "ताई, आहात ना?"

मी म्हटलं, "आहे."